एकाच पात्रातून

पाहुणा दारी आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करावा, आणि तो टेकून बसला की चुलीवर चहाचे आधण ठेवावे, ही आपल्या घरोघरची रीत आहे. घर कितीही गरीब असो, ती चुकत नाही. साखर नसली तर चहा गुळाचा होतो, दूध नसले तर कोरा होतो, पण होतो. ह्या रीतीचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो वाटावा हे योग्यच आहे.

तथापि ह्या रीतीच्या पोटात दुसरी एक रीत दडलेली आहे. तिच्याविषयी सहसा कोणी उघड बोलत नाही. कित्येक घरांच्या फडताळात इतर कपबश्यांपासून जरा दूर एक पेला निराळा ठेवलेला असतो. नाही तर कान तुटलेला एखादा कप कोनाड्यात पालथा घातलेला असतो. तो कोणाचा, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. शेतावरच्या गड्याचा, अंगण झाडावयास येणाऱ्या बाईचा, किंवा घरातल्याच एखाद्या दुखणाईताचा. चूल तीच, चहा तोच, देणारा हातही तोच. पात्र तेवढे वेगळे.

ह्या वेगळ्या पेल्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. मात्र त्यासाठी वाचकांना आम्ही प्रथम फार दूर, दक्षिण अमेरिकेत नेणार आहोत. कारण तेथे असे एक पेय आहे की, मंडळी जमली म्हणजे ते सर्वांनी एकाच पात्रातून घ्यावयाचे, हीच त्याची रीत मानली जाते.

तुंब्यातील पाला

पराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग ह्या प्रदेशांत 'येर्बा माते' नावाचे पेय घरोघर घेतले जाते. 'माते' हा शब्द वाचून आपल्या वाचकांना पवित्र मरियेला मारलेली हाक आठवेल. परंतु हा शब्द आपला नव्हे. तो त्या खंडातील केचुआ भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ तुंबा असा आहे. 'येर्बा' म्हणजे स्पॅनिश भाषेत पाला. आपल्याकडे गोसावी-बैरागी भोपळा वाळवून व कोरून पाण्यासाठी तुंबा करतात, त्याच जातीचे हे पात्र. फक्त मुठीत मावेल एवढे लहान.

ज्या झाडाचा हा पाला, ते सदाहरित झाड त्या प्रदेशातील रानात आपोआप वाढणारे आहे. तेथील मूळ रहिवासी गारानी लोक स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची पाने वापरीत. पाने विस्तवाच्या धगीवर सुकवून, कुटून ठेवतात. चहा-कॉफीप्रमाणेच त्यात तरतरी आणणारे द्रव्य असते. चव मात्र कडू. सवय नसलेल्या माणसाचे तोंड पहिल्या घोटाला वाकडे होते.

हे पेय घेण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. मंडळी गोल बसतात. त्यांपैकी एकजण वाढपी होतो. तुंब्यात तो अर्ध्याहून अधिक पाला भरतो, त्यात धातूची एक नळी खोचतो, आणि गरम, परंतु उकळते नव्हे, असे पाणी थोडेसे ओततो. नळीच्या खालच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. त्यामुळे पाला खाली राहतो व रस तेवढा वर येतो. पहिला तुंबा वाढपी स्वतः पितो, कारण पहिला रस सर्वांत कडू. तो पाहुण्याला द्यावयाचा नाही. मग पुन्हा पाणी ओतून तो शेजारच्याला देतो. त्याने पात्र रिकामे करून परत वाढप्याच्या हाती द्यावयाचे. पुन्हा पाणी, पुन्हा पुढचा माणूस. असा तो एकच तुंबा, एकाच नळीसह, सर्वांच्या ओठांना लागून फिरत राहतो. ज्याला आणखी नको असेल त्याने परत देताना 'आभारी आहे' म्हणावे. तो शब्द उच्चारीपर्यंत आपली पाळी येतच राहणार! नळी पुसून घेणे हे तेथे मैत्रीला शोभणारे मानीत नाहीत.

पराग्वेच्या उष्ण हवेत हेच पेय थंड पाण्यात करतात. त्याला 'तेरेरे' म्हणतात. ह्या तेरेरेच्या परंपरेला २०२० साली युनेस्को ह्या जागतिक संस्थेने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अर्जेंटिनाने तर २०१३ साली कायदा करून माते हे आपले राष्ट्रीय पेय ठरविले. त्याच वर्षी त्या देशाचे कार्डिनल बर्गोलियो हे परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस झाले. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात गर्दीतून कोणी अनोळखी भाविक मातेचा तुंबा पुढे करी, आणि पोपमहाशय तो हातात घेऊन तेथल्या तेथे घोट घेत, हे दृश्य जगाने अनेकदा पाहिले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते प्रभूच्या घरी गेले. त्यांनी लिहिलेली परिपत्रे सर्वांनीच वाचली असतील असे नाही. पण अनोळखी माणसाच्या तुंब्याला लावलेले त्यांचे ओठ पुष्कळांच्या लक्षात राहिले आहेत.

ओझे कोणाच्या पाठीवर?

ह्या पेयाचा आणि आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे. १६०० साली अकबर बादशहा असीरगडाच्या वेढ्यासाठी दक्षिणेत उतरला आणि आपल्या बऱ्हाणपुरात त्याचा मुक्काम पडला, तेव्हा त्याच्या सोबत येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर होते. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या ते नात्यातले. त्याच येशूसंघाचे दुसरे धर्मगुरू त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६०९ पासून, पराग्वेच्या रानांत गारानी लोकांची ख्रिस्ती गावे वसवू लागले. एकाच संघाची माणसे. काही तापीच्या काठी आली, काही पाराना नदीच्या काठी गेली.

पाराना नदीकाठच्या त्या धर्मगुरूंना जे दिसले ते भयंकर होते. मातेची चटक स्पॅनिश वसाहतवाल्यांनाही लागली होती, आणि पाला तर दूरच्या जंगलात होता. तो तोडण्यास व वाहून आणण्यास गारानी लोकांना जुंपले जाई. फादर अंतोनियो रुईझ दे मोंतोया ह्यांनी १६३९ साली माद्रिदमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, त्या जंगलांत ओझ्याखाली व उपासमारीने माणसे कशी मरत, ते लिहून ठेवले आहे. ज्या लोकांनी हे पेय जगाला दिले, त्यांच्याच पाठी त्या पेयाने मोडल्या.

येशूसंघीयांनी ह्यावर जो उपाय केला तो मोठा शहाणपणाचा होता. रानातील झाडाची गावाशेजारी लागवड करावयाची विद्या त्यांनी व गारानी लोकांनी मिळून साध्य केली. मग जंगलातील जीवघेणी वाहतूक करण्याचे कारण उरले नाही. गावच्या मळ्यातील पाला घराघरांत वाटला जाई, आणि उरलेला विकून राजाचा कर भरला जाई. अशी तीस गावे झाली, आणि एके काळी त्यांत लाखाहून अधिक लोक राहत होते. १७६७ साली स्पेनच्या राजाने येशूसंघाला आपल्या सर्व मुलुखांतून घालवून दिले. त्यानंतर ती गावे मोडली, मळे ओसाड पडले, आणि लागवडीची विद्याही पुढे शंभर-सव्वाशे वर्षे विसरल्यासारखी झाली. तरी 'येशूसंघीयांचा चहा' हे मातेचे नाव मागे राहिलेच.

ही कथा आम्ही सांगितली ती एवढ्यासाठी की, एका पात्रातून पिणे ही गोष्ट केवळ गोड नाही. जे पात्र गोलात फिरते, त्या गोलात ते भरणाऱ्याला जागा आहे की नाही, हा प्रश्न त्या पात्राला चिकटलेलाच असतो. तो पराग्वेत होता, तसा आपल्या चहालाही आहे. आसामच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्यांत छोटानागपूरकडून नेलेल्या आदिवासींचे वंशज पुष्कळ आहेत, आणि त्यांत आपले कॅथलिक बंधुभगिनीही आहेत.

बऱ्हाणपूरचा थाळ

आता आपल्या गावाकडे वळू. एका पात्रातून घेण्याची रीत पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची खरे तर गरज नाही. बऱ्हाणपुरात दाऊदी बोहरा समाजाची प्रसिद्ध दर्गाह-ए-हकीमी आहे. देशोदेशींचे बोहरा यात्रेकरू तेथे येतात. ह्या समाजात जेवणाच्या वेळी प्रत्येकापुढे निराळे ताट मांडीत नाहीत. एका बैठकीवर एक मोठा थाळ ठेवतात आणि सात-आठ माणसे त्याच्याभोवती बसून त्याच थाळातून जेवतात. आरंभ चिमूटभर मिठाने करावयाचा. ताटात दाणा टाकावयाचा नाही. मालक आणि नोकर, ओळखीचा आणि अनोळखी, थाळाभोवती बसला की सारखाच. थाळाला वरची बाजू आणि खालची बाजू नसते.

त्याच शहरात शीख बांधवांचा बडी संगत गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडकडे जाताना बऱ्हाणपुरात राहिले होते, त्यांची ती आठवण. गुरुद्वाऱ्यातील लंगरात पात्रे निराळी असतात, पण पंगत एक आणि जमीन एक. राजा आला तरी त्याने त्याच पंगतीत मांडी घालावयाची.

आणि शहराबाहेर तो कुंडी भंडारा! १६१५ साली खानखाना अब्दुर्रहीम ह्यांच्या काळात इराणी जाणकाराच्या मदतीने झालेले हे काम आजही पाहणाऱ्यास थक्क करते. सातपुड्याच्या पोटातून झिरपणारे पाणी भुयारातून आणून शंभराच्या आसपास कुंड्या त्याने एकमेकींस जोडल्या. वरून पाहणाऱ्यास प्रत्येक कुंडी निराळी दिसते. आत उतरून पाहिले तर सगळ्यांत पाणी एकच वाहत आहे. बऱ्हाणपूरच्या माणसाला ह्याहून अधिक उपदेशाची गरज का पडावी, हे आम्हांस कळत नाही.

उष्टे आणि विटाळ

तरी गरज पडते, हे खरे आहे. आपल्या मराठी माणसाच्या मनात 'उष्टे' हा शब्द फार खोल रुतलेला आहे. तांब्याला ओठ न लावता वरून धार धरून पाणी पिण्याची आपली सवय त्यातूनच आली. हॉटेलात दोघे मित्र एक चहा मागवतात, तेव्हा एक कपातून पितो, दुसरा बशीतून. वाटणी होते, पण ओठाला ओठ लागत नाही. ह्यात स्वच्छतेची जाण आहे, आणि तिला आम्ही नावे ठेवीत नाही. आईने बाळाचे उष्टे खाल्ले तर आपण त्याला माया म्हणतो. शबरीची उष्टी बोरे ही तर सगळ्या देशाने पूजिलेली गोष्ट. म्हणजे प्रेम असले की उष्टे आड येत नाही, हे आपण जाणतोच.

परंतु उष्ट्याच्या आडून विटाळ शिरला, आणि तेथे अनर्थ झाला. पुण्याची एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनच्या धर्मगुरूंनी शहरातील मान्यवरांना बोलाविले आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली. आलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी थोर माणसे होती. गोपाळराव जोशी ह्यांनी पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि सनातनी मंडळींनी गहजब केला. मिशनऱ्याच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न दोन वर्षे गाजला. एक कप चहा. पण त्याने सारे पुणे ढवळून निघाले.

तेथे निदान चहा पुढे केला गेला. ज्यांना पाण्याच्या थेंबालाही हात लावू दिला जात नव्हता, त्यांचे काय? आपल्याच मध्य प्रदेशात महू येथे जन्मलेले डॉ. आंबेडकर ह्यांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिऊन दाखवावे लागले, कारण गुराढोरांना खुले असलेले ते तळे माणसांना बंद होते. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला. कायद्याने तळी उघडली. फडताळातील निराळा पेला मात्र कायद्याला दिसत नाही. तो घरातल्या माणसांनीच काढला पाहिजे.

विहिरीवरची बाई

आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्यात असे काही नाही, असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु २०१६ साली भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलित बांधवांच्या सबलीकरणाचे जे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आतही असा भेदभाव चालत असल्याचे स्पष्टपणे मान्य केले आहे. महागुरूंनी जे मान्य केले ते आपण झाकून काय उपयोग?

संत योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो, तो प्रसंग आपण पुष्कळदा ऐकला आहे. त्या दोन समाजांत संबंध नव्हते, असे तेथे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, ते एकमेकांची भांडी वापरीत नसत, असाही होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. तो अर्थ ध्यानात घेतला म्हणजे प्रसंगाचे मोल कळते. येशूजवळ पोहरा नव्हता. त्या बाईनेच ते बोलून दाखविले. म्हणजे पाणी प्यावयाचे तर तिच्याच घागरीचे, तिच्याच भांड्यातून. प्रभूने तारणाचा उपदेश नंतर केला. आधी तिच्या भांड्यातले पाणी मागितले.

करिंथ येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही हीच चूक शिरली होती. प्रभूभोजनासाठी जमल्यावर पोट भरलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना किती कठोर शब्दांत फटकारले, ते त्याच्या पत्रात वाचावे. एका भाकरीचे आणि एका चषकाचे आपण वाटेकरी आहोत, हे जर वेदीपाशी खरे, तर ते चुलीपाशी खोटे कसे ठरेल? रविवारी ज्याच्या मागे आपण ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास उभे राहिलो, सोमवारी त्यालाच कोनाड्यातला कप काढून देणे, ह्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

दुखणाइताचा पेला

आता स्वच्छतेचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा अर्जेंटिना व पराग्वेच्या लोकांनाही तुंबा फिरवू नका, ज्याने त्याने आपापला घ्या, असे सांगण्यात आले. लोक आपापले पात्र घेऊन बसू लागले. त्यात कोणाचा अपमान झाला नाही. कारण नियम सर्वांना सारखा होता, वाढप्यालाही होता. कसोटी हीच आहे. वेगळे पात्र प्रत्येकाचे असेल तर ती काळजी. एकाचेच असेल आणि बाकीचे सर्व एक असतील, तर तो बहुधा अपमान.

घरातील आजाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. क्षयरोग झालेल्या माणसाचे ताट-पेला निराळा ठेवण्याची चाल खेड्यांत अजून आढळते. परंतु क्षयरोग हवेतून पसरतो. रोग्याच्या खोकल्यातून पसरतो. ताट-पेल्यातून तो पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राने स्पष्ट सांगितले आहे. रोग्याने खोकताना तोंड झाकावे, घरात वारा खेळता राहावा, आणि औषध एक दिवसही न चुकता पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावे. हे सोडून त्याचा पेला तेवढा निराळा केला, तर रोग थांबत नाही आणि माणूस मात्र मनाने खचतो. खचलेला माणूस औषध सोडतो. असा हा पेला दुहेरी घात करतो. सर्वांचीच भांडी साबणाने नीट घासावी, म्हणजे झाले.

आणि एक सूचना चहाबाजांना. फार कढत पेय गिळण्याची सवय अन्ननलिकेस घातक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. मातेबद्दल अभ्यास करतानाच हे पुढे आले. दोष पाल्याचा नसून कढतपणाचा. तेव्हा चहा थोडा निवू द्यावा, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाशी चार शब्द बोलावे.

आपण कोणी आता तुंबा व नळी घेऊन बसावे, असा आमचा आग्रह नाही. आपला चहा आपल्याला पुरेसा आहे. आम्हांस मागावयाचे आहे ते एवढेच: आज संध्याकाळी प्रत्येक घरातील मोठ्या माणसाने फडताळ उघडून पाहावे. निराळा ठेवलेला पेला असेल तर तो काढून इतर पेल्यांत मिसळावा, असा की पुन्हा ओळखता येऊ नये. कान तुटलेला कप असेल तर तो टाकून द्यावा, किंवा त्यात स्वतःचा चहा घ्यावा; मातेचा पहिला कडू घोट वाढपी स्वतःच घेतो. उद्या शेतावरचे दादा आणि झाडणाऱ्या मावशी येतील, तेव्हा त्यांना ओट्यावर आपल्या शेजारी बसवून त्याच कपबशीत चहा द्यावा. मुले पाहत असतीलच. ह्या बाबतीत त्यांना निराळी शिकवण देण्याची मग फारशी गरज पडणार नाही.